दात, गोळी आणि घड्याळ

कंपवात म्हणजे पार्किन्सन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हात येतो. बशीत सांडणारा चहा, अंगठ्यावर सारखी फिरणारी तर्जनी, बँकेत न जुळणारी सही. जबड्याचं नाव कुणी घेत नाही. पण आजार जुना होत गेला की काही घरांत एक आवाज ऐकू यायला लागतो: ओसरीत बसल्या बसल्या दातांवर दात घासल्याची करकर. ज्याचे दात त्याला अनेकदा पत्ताही नसतो. घरची बाई ओरडते, "अहो, दात काहून खाऊन राह्यले?" माणूस क्षणभर थांबतो आणि थोड्या वेळात पुन्हा सुरू होतो.

गावात यावर उत्तरं तयार असतात. लेकरू झोपेत दात खातं तेव्हा पोटात जंत आहेत असं म्हणतात, तेच निदान म्हाताऱ्या माणसालाही लागू होतं आणि जंताची गोळी दिली जाते. कुणी म्हणतं मनात राग दाबलाय. कुणी बाहेरची बाधा सुचवतं आणि एक गुरुवार तिकडे जातो. यातलं काही फार अपायकारक नाही, पण तोवर मागच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट होतात, एखादी दाढ उभी तडकते, कानशिलं दुखायला लागतात, आणि ते दुखणं डोळ्यांचं समजून चष्म्याचा नंबर बदलून आणला जातो.

डॉक्टरांकडेही हा प्रश्न दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतो. मेंदूविकारतज्ज्ञ हात बघतात, चाल बघतात, पाठीमागून खांदे ओढून तोल तपासतात. तोंड उघडून दाढा बघायची तिथे पद्धत नाही. दातांचे डॉक्टर दाढा बघतात, झीज ओळखतात आणि नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच, सुचवतात. गोळी किती वाजता घेता हे ते सहसा विचारत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपवातात दात खाण्याचा आवाज एकच असला तरी त्यामागची कारणं चार-पाच असतात, आणि ती दात बघून कळत नाहीत. घड्याळ बघून कळतात.

त्यासाठी गोळीचं गणित माहीत हवं. हालचाल सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, डोपामिन, कमी पडतं म्हणून लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी देतात. रक्तातलं लेव्होडोपा तास-दीड तासात निम्म्यावर येतं. पहिली काही वर्षं मेंदूकडे ते साठवून पुरवून वापरायची ताकद शिल्लक असते, त्यामुळे तीन गोळ्यांवर अख्खा दिवस सारखा जातो. पुढे ती ताकद आटते. मग गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने अंग मोकळं होतं, दोन-तीन तास बरे जातात आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा आखडतं. जबड्याचे स्नायूही याच चढउतारावर असतात.

गोळी उतरत असताना जे होतं त्यात दात घासण्यापेक्षा आवळणं जास्त असतं. पहाटे उठताना, म्हणजे रात्रीच्या गोळीला सात-आठ तास झालेले असताना, हे सगळ्यात ठळक दिसतं. दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोनाच्या जरा वर बोटं ठेवली तर स्नायूचा घट्ट गोळा लागतो. कधी पायाचा अंगठाही त्याच वेळी वर ओढला जातो. माणूस म्हणतो, दातखीळ बसल्यावानी वाटते. गोळी लागू झाली की जबडा सुटतो.

गोळी चढलेली असताना जे होतं ते निराळं. साधारण तास ते दोन तासांनी, अंग सर्वात मोकळं असताना, जबडा आडवा फिरायला लागतो, दात करकरतात, जीभ ओठांवरून फिरते, आणि सोबत मान डुलते, खांदा उडतो, पाय स्वस्थ राहत नाही. गंमत अशी की त्या माणसाला तेव्हा बरं वाटत असतं. त्रास होतो तो बघणाऱ्यांना. घरच्यांनी केवळ दिसायला वाईट दिसतं म्हणून परस्पर गोळी कमी केली की तो माणूस खाटेला खिळतो. गोळी कमी करायची की वाटून द्यायची हे ठरवताना त्याला स्वतःला कोणती अवस्था चालते हे आधी विचारलं पाहिजे. बहुतेकांना आखडण्यापेक्षा हलणं परवडतं. काही थोड्या लोकांत हीच हालचाल गोळी चढताना एकदा आणि उतरताना एकदा येते, मधला काळ शांत जातो. नोंद ठेवल्याशिवाय हा प्रकार सापडत नाही.

तिसरा प्रकार खरं म्हणजे दात खाणं नव्हेच. जबड्याचा कंप. सेकंदाला चार ते सहा वेळा हनुवटी खालीवर होते आणि दात टकटक वाजतात. थंडीत वाजतात तसाच आवाज. ओळखायला सोपं आहे: तोंड बोटभर उघडं ठेवायला सांगावं. कंप असेल तर हनुवटी तशीच खालीवर हलत राहते, पण दात लागत नसल्याने आवाज थांबतो. बोलताना, खाताना तो बहुधा थांबतो. यात दातांची झीज फार होत नाही, त्यामुळे गार्डवर खर्च करायची घाई नसते.

रात्रीचं वेगळं. कंपवातात स्वप्नांच्या झोपेत अंग सैल पडण्याची जी नैसर्गिक सोय असते ती बिघडू शकते. मग माणूस पहाटेकडे स्वप्नात ओरडतो, लाथ मारतो, कुणाशी भांडल्यासारखे हात उडवतो, आणि त्यातच दातही करकरतात. शेजारी झोपणाऱ्याला विचारल्याशिवाय याचा पत्ता लागत नाही. उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर खाटा टाकल्या की अशा माणसाची खाट कठड्याजवळ नको, आणि खाटेशेजारी तांब्या-विळा काही नको. डॉक्टर यावर मेलाटोनिन किंवा अगदी कमी मात्रेत क्लोनाझेपाम देतात. क्लोनाझेपामने सकाळी तोल जाण्याची भीती असते, म्हणून पहिले काही दिवस रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत असावं.

आता नोंदीचं. शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. डाव्या कडेला पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी पाडाव्यात. गोळी घेतली तिथे ग, जेवलं तिथे ज, दात खाल्ले तिथे द. त्याच ओळीत अंग कडक असेल तर क, मोकळं असेल तर म, जास्तीचं हलत असेल तर ह. सलग तीन दिवस. घरात सातवी-आठवीतली नात असेल तर तिच्याइतकं हे काम नीट कुणी करत नाही. शिवाय दात खातानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्यावा, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा, आणि आवाज यावा म्हणून पंखा बंद करून. तो कधी घेतला आणि आधीची गोळी किती वाजता होती हे बोलूनच त्यात नोंदवावं. दवाखान्यात नेमक्या त्या दहा मिनिटांत दात खाल्ले जात नाहीत. व्हिडिओ असला तर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही.

तीन दिवसांच्या पानावर सगळे द जर ग च्या अगोदरच्या ओळींत पडले असतील, तर गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच संपतो आहे. डॉक्टर दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करतात, किंवा लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारं एन्टाकॅपोन, रासाजिलिन यांसारखं औषध जोडतात. घरी करण्यासारखं एक आहे: पहाटेची गोळी उशाशी ठेवावी, झाकलेल्या पाण्याच्या पेल्यासकट, आणि उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी जाग आली की झोपल्याजागी न घेता टेकून बसून घ्यावी. द जर ग नंतर तास-दोन तासांनी पडत असतील आणि शेजारी ह असेल, तर मात्रा एका वेळी जास्त होते आहे. तेवढीच गोळी लहान भागांत जास्त वेळा दिली जाते किंवा ही जास्तीची हालचाल कमी करणारं अमांटाडिन सुरू होतं. अमांटाडिनने पायावर सूज, कातडीवर जाळीदार जांभळट नक्षी किंवा भास सुरू झाले तर कळवावं. यांपैकी कुठलंही औषध, विशेषतः लेव्होडोपा, एकदम बंद करायचं नाही. एकदम बंद केल्याने ताप चढून अंग लाकडासारखं होण्याची जी अवस्था येते ती जिवावर बेतू शकते.

जेवणाची जागाही या पानावर दिसते. लेव्होडोपा आतड्यातून आत जाताना प्रथिनांशी स्पर्धा करतं. दुपारी वाटीभर तुरीचं घट्ट वरण किंवा झुणका-भाकर खाऊन वर गोळी घेतली, तर ती उशिरा आणि अर्धवट लागते, आणि चार वाजता जबडा आवळतो. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर. वरण, अंडी, मटण बंद करायचं नाही, म्हातारपणी स्नायू आधीच झिजलेले असतात. ते रात्रीकडे सरकवायचं. रक्तवाढीची लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात दोन तासांचं अंतर हवं, कारण लोह त्याला बांधून टाकतं. पोट साफ नसेल तरीही गोळी उशिरा लागते. आणि जो माणूस दात खातो तो तोंडात गेलेली गोळीही चावतो. दीर्घकाळ चालणारी सीआर गोळी चावली की तिचं दीर्घकाळ चालणं संपलं. सगळा डोस एकदम आत जातो.

हे सगळं जुळूनही द कुठेही, कसेही पडत असतील, तर औषधांची पिशवी खाटेवर ओतावी. आपल्याकडे एका माणसाच्या पिशवीत तीन डॉक्टरांची आणि एका मेडिकलवाल्याची औषधं असतात, आणि माझ्या मते जबड्याच्या त्रासाचं सर्वात दुर्लक्षित मूळ इथेच असतं. गॅसची म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी कॅप्सूल उलटून बारीक अक्षरं वाचावीत. रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराईड लिहिलेलं असेल तर ते औषध मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतं. कंपवात नसलेल्यालाही त्याने कंप आणि तोंडाच्या चाळवाचाळवी होऊ शकतात, कंपवात असलेल्याला तर ते द्यायलाच नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आली म्हणून प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, रात्री भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल, हीही डोपामिनची वाट अडवणारी. उलटीला डॉम्पेरिडोन चालतं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर तेही विचारून. अडवणारं औषध थांबवल्यावर दोन दिवसांत फरक पडेल अशी आशा धरू नये. आठवडे, कधी महिने लागतात, आणि फार काळ घेतलं असेल तर काही चाळवाचाळव राहूनही जाते.

उदासीवरची औषधं हा आणखी एक धागा. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटीन, एस्सिटालोप्राम यांनी कंपवात नसलेली माणसंही रात्री दात खायला लागतात. औषध सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत आवाज सुरू झाला असेल तर तारखा जुळवून डॉक्टरांना सांगावं. कंपवातात उदासी हा आजाराचाच भाग असतो, तेव्हा औषध फेकून देणं हा उपाय नाही; मात्रा किंवा प्रकार बदलता येतो.

आणि कवचबीज. खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण यवतमाळ-गडचिरोलीकडे ताकदीचं औषध म्हणून सहज मिळतं, आणि कंपवातावर ते चालतं हेही लोकांना ऐकून माहीत असतं. ऐकलेलं खोटं नाही. त्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं. म्हणूनच ते गोळीच्या वर चमचाभर दुधातून घेतलं की एकूण मात्रा वाढते, तीही किती ते कुणालाच न कळता, कारण बी-बीमध्ये प्रमाण वेगळं. मग दुपारी जबडा आडवा फिरतो आणि दोष गोळीला जातो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मात्रा ठरवताना त्यांना ते धरावं लागतं.

दातांच्या टेबलाकडे आता यायला हरकत नाही. विदर्भातल्या म्हाताऱ्या तोंडात कंपवाताच्या आधीपासूनच बरंच घडून गेलेलं असतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपण गेलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग तर असतातच, पण डाग खोल असतील तर वरचं कवच सच्छिद्र असतं आणि दात खाताना त्याचे टवके उडतात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्यांचे दात सुपारीने आधीच झिजलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होऊन तोंड उघडणंच कमी झालेलं असतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांत घालून बघावी. तीन बोटं जात नसतील तर ते आधी तपासून घ्यायचं. तो कर्करोगाआधीचा बदल असू शकतो आणि कंपवाताच्या नावाखाली दडून राहतो. दात खाण्यावर उतारा म्हणून तोंडात सुपारी किंवा खर्रा धरून ठेवायची सवय अनेकांना असते. जबडा गुंततो हे खरं, पण दात आणि कातडी दोन्ही जातात, आणि गिळणं मंदावलेलं असेल तर तुकडा श्वासनलिकेत जायची भीती.

नाइट गार्डबद्दल एक गोष्ट आधीच सांगावी: त्याने दात खाणं थांबत नाही, दात वाचतात. दाताऐवजी प्लास्टिक झिजतं. चांगला गार्ड कडक ॲक्रिलिकचा, बहुधा वरच्या जबड्यावर, सगळ्या दातांना झाकणारा, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो. गरम पाण्यात मऊ करून स्वतः चावून बसवायचे तयार रबरी गार्ड ऑनलाइन स्वस्त मिळतात; मऊ वस्तू दातांत आली की काही माणसं ती आणखी जोराने चावतात, आणि सैल बसला तर झोपेत निघतो. कंपवातात सैल गार्ड हा खरा धोका आहे, कारण गिळणं आणि खोकला दोन्ही दुबळे झालेले असतात. म्हणून फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारा छोटा गार्ड घेऊ नये. बसवताना टक असा आवाज येऊन तो पकडला पाहिजे, आणि जिभेने ढकलून निघता कामा नये. साधं ॲक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही आणि पारदर्शक असेल तर गोधडीतही सापडत नाही. गुलाबी रंगात बनवून मागावं, कुणी नाही म्हणत नाही.

माप घेणं ही यातली अवघड पायरी. गुलाबी किंवा पांढऱ्या अल्जिनेटचा लगदा ट्रेमध्ये भरून तोंडात दोन-तीन मिनिटं धरावा लागतो. लाळ साठते, उमासा येतो, जबडा हलला की माप दुहेरी उमटतं. पहिलं म्हणजे वेळ. गोळी लागू झालेली पण जास्तीची हालचाल नसलेली वेळ तुमच्या पानावर सापडते. अपॉइंटमेंट तीच मागावी. धारणीहून अमरावतीला किंवा अहेरीहून चंद्रपूरला एसटीने यायचं तर प्रवासातच एक गोळी येते, तेव्हा पाणी आणि गोळी हातातल्या पिशवीत हवी, वरच्या फळीवरच्या बॅगेत नको. दुसरं, खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नये, अर्धी टेकलेली ठेवावी, आणि मान किंचित पुढे, म्हणजे लगदा आणि लाळ घशाकडे जात नाही. तिसरं डॉक्टरांना ठाऊक असतं, पण मे महिन्यात विसरतं: पाणी गरम असेल तर अल्जिनेट ट्रे तोंडात जाईपर्यंत घट्ट होतं, थंड पाण्याने एखादं मिनिट जास्त मिळतं. आणि माप ओल्या फडक्यात गुंडाळून शहरातल्या लॅबला पाठवण्यापेक्षा लगेच तिथेच प्लास्टर ओतून घेतलेलं बरं, नाहीतर ते आकसतं आणि गार्ड बसत नाही. काम झाल्यावर खुर्चीवरून झटकन उठवू नये. रक्तदाब पडून अंधारी येते. दाढ काढायची वेळ आली तर रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू आहे का हे आधी सांगावं, कारण त्यांच्यासोबत ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध चालत नाही आणि भुलीच्या इंजेक्शनबाबतही डॉक्टरांना काळजी घ्यावी लागते.

मेंदूविकार आणि दात दोन्ही एका फेरीत दाखवायचे असतील तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच आहे, आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे दंत महाविद्यालय व रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. गार्ड कृत्रिम दंत विभागात बनतो, तिकिटाच्या खिडकीवर तेच सांगावं.

गार्डची निगा साधी: मऊ ब्रश, साधा साबण, गार पाणी. उकळतं पाणी घातलं की वाकतो. टूथपेस्टने ओरखडे पडतात. कोरडा ठेवला तर आकारात बारीक फरक पडतो, म्हणून झाकणाच्या डब्यात पाण्यात. झाकण महत्त्वाचं. लाळेच्या वासाने कुत्रं तो उचलून नेतं आणि उंदीर कुरतडतात. हे हसण्यावारी नेऊ नये, नवा गार्ड म्हणजे पुन्हा सगळ्या फेऱ्या. दर सहा महिन्यांनी दाखवावा. मागच्या दाढांच्या जागी महिन्या-दोन महिन्यांतच भोक पडलं तर जोर खूप आहे, आणि पुन्हा गोळ्यांचं पान काढायची वेळ आली आहे.

दिवसा करण्यासारखं थोडं आहे पण ते टिकतं. निवांत माणसाचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. ओठ मिटलेले, दोन-तीन मिलिमीटर फट, जीभ वरच्या दातांमागे टाळूला. ओठ मिटून म् असा आवाज काढला की जबडा आपोआप तिथे जातो. दात खाताना दिसला की ओरडण्यापेक्षा शेजारच्याने नुसतं म् म्हणावं, त्याला कळतं. गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथे बसवावं; मोठ्याने म्हणताना दात सुटे राहतात आणि बसलेला आवाजही मोकळा होतो. गालाचा स्नायू दुखत असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं, नंतर दोन बोटांनी वरून खाली हलकं चोळणं. हनुवटीला बोट लावलं की काहींचा जबडा थांबतो; चमत्कार वाटतो, पण आवळण्याच्या प्रकारात ही युक्ती ओळखीची आहे. ती लागू पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. जबडा दुखण्याच्या दिवसांत फुटाणे, ऊस, चिक्की आणि कडक भाजलेला रोडगा बाजूला. रोडगा सोडवत नसेल तर वरणात नीट भिजवून, चुरून.

दात घासण्याचं काम दुसऱ्याला करावं लागतं तेव्हा एक नियम पाळायचा: बोट दाढांच्या मध्ये कधीही घालायचं नाही. आवळलेला जबडा सांगून उघडत नाही. माणसाला सरळ बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून, बाजूला आणि किंचित मागे उभं राहावं. एका ब्रशची मूठ गॉजने गुंडाळून एका बाजूच्या दाढांमध्ये टेकू म्हणून धरायची, दुसऱ्या ब्रशने दुसरी बाजू घासायची. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडवाली, फेस थुंकता येत नसेल तर ओल्या कापडाने पुसून घ्यायचा. स्वतः घासणाऱ्याला ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवून दिली तर पकड येते. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी घेणाऱ्यांचं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात झिजलेले दात फार लवकर किडतात. अशांना घोट-घोट पाणी, आणि त्या गोळीची अजून गरज आहे का हा प्रश्न. म्हातारपणी ती विसरभोळेपणाही वाढवते.

एवढं करूनही जबडा आवळलेलाच राहिला तर स्नायू सैल करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनं असतात. गालातल्या आणि कानशिलातल्या चावण्याच्या स्नायूंत देतात, काही दिवसांत फरक दिसायला लागतो, पूर्ण परिणामाला सुमारे दोन आठवडे, आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. खर्च पुन्हा पुन्हा येतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते इंजेक्शनाआधी सांगायचंच, कारण चावणं ढिलं पडताना गिळणंही ढिलं पडू शकतं.

दात पडून गेलेले आहेत म्हणून जबडा शांत बसतो असं नाही. सैल कवळी स्वतःच जबड्याला चाळा लावते. माणूस ती जागेवर ठेवायला सारखी चावत, ढकलत राहतो आणि ते कंपवातासारखं दिसतं. कवळीला आतून नवं अस्तर लावून घट्ट केली की यातलं काही थांबतं. खाली चार दात आणि वर नुसती हिरडी असेल तर ते दात हिरडीत रुततात. तिथे जखम बघत राहावी. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, डब्यावर नाव लिहून, कारण रुग्णालयात भरती झाल्यावर ती हमखास हरवते. त्याच डब्यासोबत गोळ्यांच्या वेळांचा कागद नर्सकडे द्यावा. वॉर्डात औषधं वॉर्डाच्या वेळेने मिळतात, आणि सकाळची सहाची गोळी नऊला आली की जबड्यापासून पायापर्यंत सगळं आखडतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवावं: कंपवात आहे, उलटी झाल्यास मेटोक्लोप्रमाइड देऊ नये.